गणपतराव देशमुख आणि सांगोला विधानसभा मतदारसंघ : अकरा विजय व दोन पराभवांचा राजकीय इतिहास

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या संसदीय राजकारणाचा इतिहास लिहिताना मुख्यमंत्री, मंत्रिमंडळे, सत्तांतरे आणि पक्षांतरे यांना अभ्यासकांनी जेवढे स्थान दिले, तेवढे एकेका मतदारसंघाला आणि त्याच्या प्रतिनिधीला दिलेले नाही. विधानसभेचा सदस्य हा बहुधा पक्षीय संख्याबळाच्या तक्त्यातील एक आकडा म्हणून येतो व जातो. या दुर्लक्षाला काही अपवाद आहेत. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघाचे दीर्घकाळ प्रतिनिधित्व करणारे शेतकरी कामगार पक्षाचे नेते भाई गणपतराव देशमुख (१९२६–२०२१) हे त्यांपैकी एक होत. मात्र त्यांच्याविषयी जे लेखन झाले, त्यातील बहुतांश गौरवपर आहे. अकरा वेळा निवडून आलेले आमदार, एस.टी.ने प्रवास करणारे आमदार, एकाच पक्षात हयात घालविणारे आमदार या तीन विधानांभोवती ते फिरत राहते. ही विधाने चुकीची नाहीत. परंतु पर्जन्यछायेतील एका दुष्काळी तालुक्याने सत्तेबाहेरच्या पक्षाचा उमेदवार अर्धशतकभर का निवडला, आणि दोन वेळा का नाकारला, या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने देशमुख यांच्या निवडणूक-कारकिर्दीचा परामर्श घेतला आहे.

विक्रमाची चिकित्सा :

देशमुख यांनी १९६२, १९६७, १९७४ (पोटनिवडणूक), १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ अशा अकरा निवडणुका सांगोल्यातून जिंकल्या. १९७२ व १९९५ या दोन निवडणुकांत त्यांचा पराभव झाला. महाराष्ट्र विधानसभेच्या इतिहासात ही कामगिरी अभूतपूर्व आहे, यात दुमत नाही.

तथापि २०१४ च्या विजयानंतर हा देशातील विक्रम असल्याचे आणि त्यांनी तमिळनाडूचे नेते एम. करुणानिधी यांना मागे टाकल्याचे वारंवार लिहिले गेले. हे विधान तपासून घेणे आवश्यक आहे. करुणानिधी १९५७ पासून २०१६ पर्यंत तेरा वेळा विधानसभेवर निवडून आले व त्यांपैकी बारा विजय २०११ पर्यंतचेच आहेत. मात्र त्यांचे मतदारसंघ बदलत राहिले. एकाच मतदारसंघाचा निकष लावला, तर केरळमधील पाला मतदारसंघातून १९६५ ते २०१६ या काळात तेरा वेळा विजयी झालेल्या के. एम. मणी यांचे नाव पुढे येते. म्हणजे निव्वळ संख्येच्या कसोटीवर देशमुख यांचा विक्रम राष्ट्रीय ठरत नाही. वृत्तपत्रांतून एकदा रूढ झालेली गोष्ट पुढे स्मरणिकांतून आणि प्रबंधांतूनही जशीच्या तशी उतरते, त्याचे हे एक उदाहरण म्हणता येईल.

पण संख्येचा आग्रह सोडला की देशमुख यांचे खरे वेगळेपण दिसू लागते. करुणानिधी पाच वेळा मुख्यमंत्री झाले. मणी यांनी केरळचे अर्थखाते दीर्घकाळ सांभाळले. सत्ता हाती असणाऱ्या वा वारंवार हाती येणाऱ्या नेत्याला मतदारसंघ टिकविण्यासाठी जी साधने उपलब्ध होतात, ती देशमुख यांना क्वचितच मिळाली. सुमारे पन्नास वर्षांच्या आमदारकीत ते दोनदाच मंत्रिमंडळात होते. प्रथम जुलै १९७८ ते फेब्रुवारी १९८० या काळात शरद पवार यांच्या नेतृत्वाखालील पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात, आणि नंतर १९९९ मध्ये विलासराव देशमुख यांच्या आघाडी सरकारात. दुसरे मंत्रिपद २००२ मध्ये पक्षाने सरकारचा पाठिंबा काढून घेतला तेव्हा संपले. दोन्ही मिळून हा काळ जेमतेम चार-सव्वाचार वर्षांचा होतो. उरलेला सर्व काळ ते विरोधी बाकांवर, अथवा सत्तेबाहेरच्या एका लहान गटाचे सदस्य म्हणून सभागृहात बसले. १९७७-७८ मध्ये ते विधानसभेतील विरोधी पक्षनेते होते. तेव्हा या विक्रमाकडे सत्तेविना टिकलेल्या प्रतिनिधित्वाचा विक्रम म्हणून पाहणे अधिक योग्य होईल.

प्रदेश आणि पक्ष :

सांगोला हा माणदेशातील तालुका. माण नदीच्या खोऱ्यातील हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस अल्प व बेभरवशाचा, जमीन बहुतांशी हलकी, पिके ज्वारी-बाजरीची आणि जोडीला खिलार जनावरे व मेंढपाळी, असे येथील जुन्या अर्थव्यवस्थेचे स्वरूप होते. शेजारच्या माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, त्यावर अकलूज परिसरातील सहकारी साखर कारखानदारी वाढली आणि तिच्यातून शंकरराव मोहिते-पाटील यांच्यासारखे प्रबळ काँग्रेस नेतृत्व घडले. पश्चिम महाराष्ट्रातील काँग्रेसची सत्ता ज्या त्रिकोणावर उभी होती, तो पाणी, ऊस आणि सहकारी पतपुरवठा यांचा होता. सांगोल्यात त्यातील पहिली बाजूच नव्हती. साहजिकच कारखान्याच्या माध्यमातून मतदार बांधून घेणारी यंत्रणा येथे माळशिरससारखी उभी राहू शकली नाही. विरोधी पक्षाला येथे जी जागा मिळाली, तिचे एक भौतिक कारण हे आहे.

शेतकरी कामगार पक्षाचा उगम १९४७-४८ मधील काँग्रेसअंतर्गत असंतोषात आहे. केशवराव जेधे, शंकरराव मोरे, तुळशीदास जाधव आदींनी शेतकरी-कामगारांचे राज्य हे ध्येय पुढे ठेवून वेगळी वाट धरली. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने पक्षाला मार्क्सवादी वैचारिक चौकट दिली. परंतु संस्थापकांपैकी जेधे व मोरे पुढील काही वर्षांतच काँग्रेसमध्ये परतले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने पक्षाला नवे बळ दिले खरे, पण राज्य स्थापन होताच यशवंतराव चव्हाण यांच्या बेरजेच्या राजकारणाने त्यातील अनेक कर्ते लोक ओढून घेतले. मोहोळ तालुक्यातील पेनूर येथे जन्मलेले, कायद्याचे शिक्षण घेऊन वकिलीकडे वळलेले गणपतराव देशमुख १९६२ मध्ये प्रथम विधानसभेत गेले, तेव्हा पक्षाच्या भरतीची लाट ओसरलेली होती. त्या निवडणुकीत काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या आणि शेतकरी कामगार पक्षाला १५. या पंधरांत सांगोला होता.

पहिला पराभव आणि १९७४ ची पोटनिवडणूक :

१९६७ मध्ये पक्षाचे संख्याबळ १९ वर गेले. देशमुख यांनीही जागा राखली. १९७२ मध्ये मात्र चित्र पालटले. बांगलादेश युद्धानंतरच्या वातावरणात इंदिरा गांधी यांच्या काँग्रेसने राज्यात २७० पैकी २२२ जागा जिंकल्या. शेतकरी कामगार पक्ष सातवर आला. सांगोल्यातही काँग्रेसचा उमेदवार विजयी झाला. हा पराभव राज्यव्यापी लाटेचा भाग होता व त्याची कारणमीमांसा स्थानिक पातळीवर फारशी करावी लागत नाही.

अधिक अर्थपूर्ण ठरते ती १९७४ ची पोटनिवडणूक. अवघ्या दोन वर्षांत त्याच मतदारांनी आपला कौल फिरविला. या दोन वर्षांत जे घडले ते म्हणजे १९७२-७३ चा दुष्काळ. माणदेशात या दुष्काळाचे स्वरूप भीषण होते. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध व रस्ते यांच्या कामांवर गावेच्या गावे लोटली होती. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात आधी प्रयोग करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर राबविली गेली. डाव्या पक्षांनी कामांची मागणी, मजुरीचे दर, वेळेवर पगार आणि धान्याचा पुरवठा या प्रश्नांवर मोर्चे व परिषदा घेतल्या आणि शेतकरी कामगार पक्ष त्यात अग्रभागी होता. दुष्काळी कामावरील मजूर हा एकाच वेळी शेतकरी आणि कामगार होता. पक्षाच्या नावातील जोडशब्दाला प्रत्यक्ष अर्थ प्राप्त झाला तो या कामांवर, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होऊ नये. १९७४ च्या निकालाचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावावा लागतो. लाटेत मत दिलेल्या मतदाराला दुष्काळाने पुन्हा स्थानिक प्रश्नाकडे आणले.

रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्या वेळी देशमुख मंत्रिमंडळात होते. १९९९ मध्ये त्यांच्याकडे पणन खात्याबरोबर रोजगार हमी योजनेचे खाते आले, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. दुष्काळी कामांच्या प्रश्नावर ज्यांचे राजकारण घडले, त्यांनाच त्या खात्याचा कारभार पाहावा लागला.

पाण्याचा प्रश्न आणि विरोधी आमदाराची कार्यपद्धती :

१९७४ ते १९९५ हा देशमुख यांच्या कारकिर्दीतील सलग एकवीस वर्षांचा कालखंड. या काळात राज्यात किती तरी उलथापालथी झाल्या. काँग्रेस फुटली, जुळली, पुन्हा फुटली. १९८० मध्ये काँग्रेसने १८६ जागा जिंकल्या तेव्हाही सांगोला शेतकरी कामगार पक्षाकडे राहिला, आणि १९८५ व १९९० मध्येही.

विरोधी आमदाराला निधी व प्रकल्प यांच्या वाटपात प्रत्यक्ष अधिकार नसतो. त्याच्याजवळ सभागृहातील प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्थसंकल्पावरील चर्चा आणि सभागृहाबाहेरील चळवळ एवढीच साधने असतात. देशमुख यांनी ती चिकाटीने वापरली. कृष्णा पाणीतंटा लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी पाणी दिले व त्याच्या वापरासाठी मे २००० ही कालमर्यादा होती. हे पाणी धरणालगतच्या ऊसपट्ट्यातच मुरणार की दुष्काळी तालुक्यांपर्यंत चढविले जाणार, हा खरा राजकीय प्रश्न होता. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारात लढलेले नागनाथअण्णा नायकवडी, श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख यांनी सांगली, सातारा व सोलापूर जिल्ह्यांतील तेरा दुष्काळी तालुक्यांची मोट बांधली. १९९३ पासून आटपाडी येथे भरलेल्या पाणी परिषदांतून समन्यायी पाणीवाटपाची मागणी सातत्याने मांडली गेली. १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. कराडजवळ कृष्णेचे पाणी उचलणारी टेंभू उपसा सिंचन योजना सांगोल्यापर्यंत नेण्याचा प्रश्न पुढील दोन दशके देशमुख यांच्या प्रत्येक निवडणुकीच्या केंद्रस्थानी राहिला. म्हैसाळ योजनेचे पाणी व नीरा उजव्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला मिळणारे पाणी हेही त्याच मागणीचे भाग होते.

येथे एक टीका नोंदविणे भाग आहे. पाण्याची योजना जितकी लांबते तितका पाण्यासाठी भांडणारा नेता आवश्यक ठरत जातो, आणि त्यामुळे दीर्घ प्रतिनिधित्व हे प्रश्न सुटण्यापेक्षा तो शिल्लक राहण्यावर पोसले जाते, असा आक्षेप देशमुख यांच्या विरोधकांनी घेतला. आक्षेप पूर्णतः फेटाळण्याजोगा नाही. परंतु निधीच्या चाव्या ज्यांच्या हाती होत्या, त्या सत्ताधाऱ्यांच्या विलंबाचे खापर सत्तेबाहेरच्या आमदारावर फोडणे हेही न्याय्य ठरत नाही. शिवाय याच काळात तालुक्याची शेती थांबून राहिली नव्हती. १९९० मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना आली आणि हलक्या जमिनीत, थोड्या पाण्यावर येणाऱ्या डाळिंबाने सांगोल्याचे अर्थकारण बदलले. ज्या पिकाने तालुक्याला पैसा दिला ते मोठ्या कालव्याची वाट पाहत बसले नाही. साखर कारखान्याऐवजी सूतगिरणीवर देशमुख यांनी जो भर दिला, त्यामागेही पाण्याचेच गणित होते. उसाला लागणारे पाणी नसलेल्या तालुक्यात शेतकरी सहकारी सूतगिरणी हा रोजगाराचा आधार ठरला आणि सोलापूरच्या वस्त्रोद्योगाशी तालुक्याचा संबंध जोडला गेला.

दुसरा पराभव :

१९९५ चा पराभव १९७२ च्या पराभवाच्या अगदी उलट स्वरूपाचा आहे. १९७२ मध्ये राज्यात काँग्रेसची लाट होती. १९९५ मध्ये काँग्रेसची राज्यातील सत्ता गेली, पक्ष ८० जागांवर घसरला, ४५ अपक्ष निवडून आले आणि शिवसेना-भारतीय जनता पक्ष युतीचे सरकार आले. नेमक्या त्याच निवडणुकीत सांगोल्यात काँग्रेसचे तरुण उमेदवार शहाजीबापू पाटील यांनी देशमुख यांना १९२ मतांनी हरविले. राज्य एकीकडे आणि सांगोला दुसरीकडे, हे चित्र दोन्ही अर्थांनी खरे ठरले. राज्यातील वाऱ्याशी फटकून वागण्याची या तालुक्याची सवय या वेळी देशमुख यांच्याच विरोधात गेली.

१९२ मतांचे अंतर इतके थोडे आहे की त्यावर मोठा सिद्धान्त उभारणे धोक्याचे होईल. तरी एवढे म्हणता येते की सलग पाच विजयांनंतर प्रस्थापिताविषयीची नाराजी विरोधी पक्षाच्या आमदारालाही चुकत नाही. पिढी बदलली होती. मतदानाचे वय १९८९ मध्ये एकवीसवरून अठरावर आले होते, आणि १९७२ चा दुष्काळ ज्यांनी कामावर भोगला नव्हता असा मतदार यादीत आला होता.

याच संदर्भात जातीय समीकरणाचा विचार करावा लागतो. देशमुख धनगर समाजातील होते व माणदेशात या समाजाची वस्ती लक्षणीय आहे. त्यामुळे त्यांच्या यशाचे श्रेय अनेकदा सरसकट जातीला दिले जाते. मराठा नेतृत्व प्रबळ असलेल्या पक्षात आणि जिल्ह्यात धनगर समाजातील कार्यकर्ता एवढा दीर्घकाळ नेतृत्व करतो, ही गोष्ट निश्चितच महत्त्वाची आहे. परंतु समाजाची संख्या १९९० व १९९५ मध्ये जवळपास तीच होती, निकाल मात्र वेगळे लागले. जो घटक विजयात आणि पराभवात सारखाच उपस्थित आहे, त्याने दोहोंचेही स्पष्टीकरण होत नाही. जातीने पाया दिला असेल, पण त्यावरची भिंत दर निवडणुकीत नव्याने बांधावी लागली.

व्यक्ती वाढली, पक्ष आटला :

१९९९ मध्ये देशमुख पुन्हा विजयी झाले आणि त्यानंतर सलग तीन निवडणुका त्यांनी जिंकल्या. २०१४ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, त्यांना ९४,३७४ मते मिळाली. त्या वेळी शिवसेनेचे उमेदवार असलेल्या शहाजीबापू पाटील यांना ६९,१५० मते पडली. भारतीय जनता पक्ष १२२ जागांसह राज्यातील सर्वांत मोठा पक्ष ठरला, त्याच निवडणुकीतला हा निकाल आहे.

परंतु या यशाशेजारी पक्षाचे आकडे ठेवले की वेगळाच इतिहास समोर येतो. शेतकरी कामगार पक्षाचे विधानसभेतील संख्याबळ १९७८ मध्ये १३, १९९० मध्ये ८, १९९५ मध्ये ६, १९९९ मध्ये ५, २००४ मध्ये २, २००९ मध्ये ४ आणि २०१४ मध्ये ३ असे आटत गेले. कंधारचे केशवराव धोंडगे, अलिबागचे दत्ता पाटील यांच्यासारख्या नेत्यांनी आपापले बालेकिल्ले उभारले होते. रायगडखेरीज इतरत्र ते टिकले नाहीत. साठच्या दशकातील पक्षाचा विस्तार आणि शेवटच्या काळातील सांगोल्याचे एकाकीपण यांत जो फरक आहे, तो देशमुख यांच्या निष्ठेच्या कौतुकात झाकला जातो. सांगोल्याचा गड शाबूत असल्याने पक्ष जिवंत असल्याचा भास होत राहिला, पण शेजारच्या मंगळवेढा, पंढरपूर वा आटपाडीत त्या गडाचा विस्तार झाला नाही. आमदाराने मतदारसंघ इतका पूर्णपणे आपल्याशी बांधून घेतला की तेथे पक्ष आणि आमदार हे दोन शब्द समानार्थी झाले. हे त्यांचे बळ होते आणि पक्षाच्या दृष्टीने तीच मर्यादाही होती.

याची कसोटी २०१९ मध्ये लागली. वयोमानामुळे देशमुख यांनी निवडणूक लढविण्यास नकार दिला. उमेदवारीचा प्रश्न सुटला तो घरात. त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख पक्षाचे उमेदवार झाले. वर्गीय राजकारणाची भाषा बोलणाऱ्या पक्षाला तालुक्यात सर्वमान्य होईल असा दुसरा कार्यकर्ता पुढे करता आला नाही, ही बाब घराणेशाहीच्या ढोबळ आरोपापेक्षा अधिक गंभीर आहे. पन्नास वर्षांत संघटनेने दुसरी फळी तयार केली नव्हती, हा तिचा अर्थ होतो. शिवसेनेचे शहाजीबापू पाटील ७६८ मतांनी विजयी झाले. १९९५ नंतर चोवीस वर्षांनी, पुन्हा तेच प्रतिस्पर्धी आणि पुन्हा काही शेकड्यांचेच अंतर. त्या वर्षी शेतकरी कामगार पक्षाचा राज्यात एकच आमदार निवडून आला, आणि तो सांगोल्याचा नव्हता.

गणपतराव देशमुख यांचे ३० जुलै २०२१ रोजी सोलापूर येथे निधन झाले. पुढच्याच वर्षी शिवसेना फुटली व शहाजीबापू पाटील शिंदे गटात गेले. २०२४ च्या निवडणुकीत देशमुख यांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी सुमारे पंचवीस हजार मतांनी सांगोल्याची जागा परत मिळविली. राज्यातील २८८ जागांपैकी शेतकरी कामगार पक्षाच्या वाट्याला आलेली ती एकमेव जागा होती.